चौदा दिवसांचा हिशेब : चिंताविकार ओळखणाऱ्या प्रश्नावल्यांचा आढावा

भिलाईच्या कोहका-कुरुद रस्त्यावर कॉलेज आणि वसतिगृहांची वर्दळ असते. आत वळले की कुरुदची जुनी वस्ती लागते. धमतरी जिल्ह्यातले कुरुद वेगळे, हे भिलाईचे. गेल्या पावसाळ्यात इथल्या एका मराठी घराच्या ओसरीवर बसले होते, तेव्हा मितानिन आली. देशात जिला ‘आशा’ म्हणतात तिला छत्तीसगढमध्ये मितानिन म्हणतात. ही योजना इथे २००२ मध्ये सुरू झाली, आशाच्या तीन वर्षे आधी. तिच्या हातात तिशीपुढच्या सगळ्यांसाठी भरायचा सरकारी अर्ज होता. वय, कमरेचा घेर, तंबाखू, गुडाखू, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, असे विचारत ती शेवटच्या दोन प्रश्नांवर आली. बोलणे हिंदी-छत्तीसगढीच्या मिश्रणात चालले होते, मी ते मराठीत देते.

“काकी, मागच्या दोन आठवड्यांत कामात मन लागलं नाही, असं किती दिवस झालं?”

“मन लागो न लागो, काम तर करावंच लागतं.”

“आणि उदास वाटलं?”

“उदास कशाला गं? पण मुलगा नाइट शिफ्टवरून येईपर्यंत जीव खालीवर होतो. छातीत धडधडतं. पहाटे तीनला जाग येते ती येतेच.”

मितानिनने दोन्ही रकान्यांत शून्य मांडले. अर्ज उलटून पाहिला, मागची बाजूही पाहिली. काकींनी जे सांगितले त्याला कुठेच रकाना नव्हता.

अर्जात चूक नव्हती. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या या सुधारित अर्जात नैराश्याचे दोन प्रश्न आहेत, ‘पीएचक्यू-२’ नावाचे, चिंताविकाराचे नाहीत. ते असावेत का, असले तर कोणते, आणि उत्तर ‘हो’ आले तर पुढे काय करायचे, यावर गेली काही वर्षे जगभर विचार चालू आहे. तो आज कुठवर आला आहे ते पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रश्नावली आली कुठून

माणसाने स्वतःच्या मनाबद्दल कागदावर खुणा कराव्यात आणि त्यांची बेरीज करून कुणी निष्कर्ष काढावा, ही कल्पना पहिल्या महायुद्धातली. युद्धाच्या धक्क्याने कोणते जवान कोलमडतील हे भरतीच्या वेळीच कळावे म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्थ यांनी हो-नाही उत्तरांची यादी केली. ती तयार होईपर्यंत युद्ध संपत आले होते. पुढे १९५३ मध्ये जॅनेट टेलर यांची चिंतामापनी आली, १९७० मध्ये चार्ल्स स्पीलबर्गर यांची. स्पीलबर्गर यांनी केलेला भेद आजही उपयोगी पडतो. आत्ता, या घडीला वाटणारी चिंता वेगळी आणि स्वभावातच मुरलेली चिंता वेगळी, म्हणून दोन्हींसाठी त्यांनी वीस-वीस प्रश्न ठेवले.

या मापन्या मुख्यतः संशोधनासाठी होत्या. दवाखान्यात आलेल्यांमधून रुग्ण शोधून काढणे हे काम निराळे. ते डेव्हिड गोल्डबर्ग यांच्या ‘जनरल हेल्थ क्वेश्चनेअर’ने १९७२ मध्ये सुरू केले, तिची बारा प्रश्नांची आवृत्ती, जीएचक्यू-१२, भारतातल्या अभ्यासांत फार वापरली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने साध्या हो-नाही उत्तरांची वीस प्रश्नांची एसआरक्यू तयार केली आणि ती चार विकसनशील देशांत वापरून पाहिली. त्यात भारतातले ठिकाण रायपुर राणी होते, म्हणजे हरियाणातले. आमचे रायपूर नव्हे. १९८३ मध्ये झिगमंड आणि स्नेथ यांनी इस्पितळातल्या रुग्णांसाठी चौदा प्रश्नांची ‘हॅड्स’ केली. १९८८ मध्ये ॲरन बेक यांची एकवीस लक्षणांची यादी आली. या दोघींनी उलट वाटा धरल्या. आजारी माणसाला धडधड, थकवा हे आजारानेही होते, म्हणून हॅड्सने शरीराची लक्षणे जवळपास गाळली. बेक यांच्या यादीत मात्र थरथर, घाम, धाप हेच जास्त. हा मतभेद पुढे भाषेच्या प्रश्नात पुन्हा भेटेल.

इथे एक घरचे नाव सांगायला हवे. भारतीय मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ‘सिन्हा यांची सर्वंकष चिंता चाचणी’ परिचित असते: नव्वद प्रश्न, हो-नाही उत्तरे. तिच्या दोन कर्त्यांपैकी ए. के. पी. सिन्हा हे रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. म्हणजे ज्या प्रदेशाच्या आरोग्य-अर्जात आज चिंतेचा एकही प्रश्न नाही, तिथल्या विद्यापीठाशी नाते असलेली चिंतामापनी कैक दशकांपूर्वीच आली होती. ती संशोधनाची राहिली, दवाखान्यात उतरली नाही. नव्वद प्रश्न विचारायला कुठल्या ओपीडीत वेळ असतो?

सात प्रश्न आणि त्यांचे गणित

ती अडचण ‘जीएडी-७’ने सोडवली. रॉबर्ट स्पिट्झर, कर्ट क्रोंकी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ती प्रसिद्ध केली. अमेरिकेतल्या १५ प्राथमिक दवाखान्यांत २,७४० रुग्णांवर अभ्यास झाला. त्यांतल्या ९६५ जणांशी मानसोपचाराच्या जाणकारांनी फोनवर स्वतंत्र मुलाखत करून कागदावरचे उत्तर खरे किती ते पडताळले. अभ्यासाला फायझर कंपनीचा पैसा होता, पण प्रश्नावली कुणालाही विनाशुल्क वापरता येते. ती इतकी पसरली यामागे हे एक मोठे कारण आहे.

प्रश्न सात. गेल्या दोन आठवड्यांत अस्वस्थपणा, न थांबणारी काळजी, नाना गोष्टींची जास्त काळजी, निवांत न होता येणे, एका जागी बसवेनासे होणे, चिडचिड आणि काही वाईट घडेल ही भीती यांनी किती दिवस त्रास दिला, एवढेच विचारायचे. उत्तराला शून्य ते तीन गुण, बेरीज एकवीसपर्यंत. पाच, दहा, पंधरा या सौम्य, मध्यम, तीव्र अशा पायऱ्या. मूळ अभ्यासात दहा ही सीमा धरली तेव्हा सामान्यीकृत चिंताविकार असलेल्या शंभरांतले ८९ पकडले गेले आणि नसलेल्या शंभरांतले ८२ सुटले. २०१६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा सीमा आठवर धरणे अधिक बरे वाटले. तिथे हे आकडे ८३ आणि ८४ असे येतात.

हे आकडे ऐकायला भरघोस आहेत. पण त्यांचा अर्थ चाळणी कुठे लावली यावर बदलतो, आणि या चर्चेत सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतो. वस्तीतल्या १,००० प्रौढांना घरोघरी जाऊन विचारले आणि त्यांतल्या ५० जणांना खरोखर विकार आहे असे धरू. आठच्या सीमेवर त्यांतले सुमारे ४२ सापडतील, आठ निसटतील. उरलेल्या ९५० पैकी मात्र १५२ जण विकार नसताना जाळ्यात येतील. म्हणजे ज्यांना ‘तुमचा आकडा जास्त आला’ असे सांगितले जाईल त्यांच्यात जेमतेम पाचातला एक खरा रुग्ण. आता हीच चाळणी दवाखान्याच्या रांगेत लावू, जिथे हजारात २०० जणांना विकार आहे असे धरले. तिथे १६६ खरे सापडतात, १२८ चुकीचे. निम्म्याहून अधिक खरे. कागद तोच, प्रश्न तेच, सीमा तीच. बदलली ती फक्त रांग.

म्हणून प्रश्नावली निदान करत नाही. पुढे बोलून, तपासून कुणाकडे पाहायचे एवढेच ती सांगते. मूळ कर्त्यांनीही याहून मोठा दावा केला नव्हता. वर्तमानपत्रांतल्या मथळ्यांत आणि महामारीच्या काळात फोनवरून भरून घेतलेल्या असंख्य सर्वेक्षणांत मात्र सीमेवरचा आकडा म्हणजेच आजाराचे प्रमाण, असा सर्रास घोटाळा झाला. नैराश्याच्या बाबतीत तो मोजूनही दाखवला गेला आहे. ४४ अभ्यासांच्या एकत्रित तपासणीत पीएचक्यू-९ने २४.६ टक्के लोक सीमेपलीकडे दाखवले, तर त्याच लोकांच्या नीट मुलाखतींत नैराश्य १२.१ टक्क्यांना आढळले. जवळजवळ दुप्पट.

भारताचे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण या बाबतीत काटेकोर होते. मानसिक आरोग्याच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत ते केले तेव्हा लोकांच्या हाती प्रश्नावली न देता प्रशिक्षित माणसांनी ठरावीक मुलाखत घेतली. त्या बारांत छत्तीसगढ होते, महाराष्ट्र नव्हता. मराठी वाचक आपल्या राज्याचा आकडा म्हणून जे उद्धृत करतात ते तपासून घ्यावे, यासाठी हे सांगते. त्या सर्वेक्षणात ‘मज्जाविकृती आणि ताणाशी संबंधित विकार’ या गटाचे प्रमाण सुमारे साडेतीन टक्के निघाले. नेहमीच्या आढळणाऱ्या मानसिक विकारांत शंभरांतल्या ८५ जणांना उपचार मिळत नव्हते.

चाळणी लावावी की नाही

इथे जाणकारांचे खरे मतभेद आहेत आणि प्रत्येक बाजूला वजन आहे.

पहिली बाजू म्हणते, सगळ्या प्रौढांना विचारा. चिंताविकाराचे लोक ‘मला चिंता आहे’ म्हणून येत नाहीत. ते छाती, पोट, डोके, झोप घेऊन येतात, ईसीजी काढतात, नॉर्मल आला की दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. विकाराला औषध आहे, बोलून करायचे उपचार आहेत, आणि प्रश्न विचारायला दोन मिनिटे लागतात. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवांच्या कार्यगटाने जून २०२३ मध्ये प्रथमच शिफारस केली की ६४ वर्षांपर्यंतच्या सर्व प्रौढांना, गरोदर आणि बाळंतीण स्त्रियांसह, चिंताविकारासाठी विचारावे. ६५ आणि त्यापुढच्यांबद्दल पुरावा अपुरा आहे असे त्यांनी म्हटले.

दुसरी बाजू सावध आहे. तिचा मुद्दा असा की चाळणीने माणसाचे भले होते हे दाखवणारा थेट पुरावा फार थोडा आहे. कार्यगटाच्याच आढाव्यात अशा दोनच चाचण्या सापडल्या, मिळून ९१८ माणसांच्या, आणि त्यांत चाळणीमुळे फरक पडल्याचे दिसले नाही. शिफारस उभी राहिली ती जोडून घेतलेल्या दोन गोष्टींवर: प्रश्नावली विकार ओळखते, आणि ओळखलेल्या विकारावर उपचार लागू पडतो. मॅकगिल विद्यापीठातले ब्रेट थॉम्ब्स आणि त्यांचे सहकारी नैराश्याच्या संदर्भात हेच वर्षानुवर्षे मांडत आले आहेत. कॅनडाच्या कार्यगटाने २०१३ मध्ये प्रौढांत नैराश्याची सरसकट चाळणी नको असे सांगितले, ब्रिटनची राष्ट्रीय चाळणी समितीही ती सुचवत नाही. चुकीने सापडलेल्या माणसाला आपण आजारी आहोत ही भीती बसते, आणि खऱ्या रुग्णाचा वेळ त्याच्याकडे जातो.

तिसरी बाजू या दोघींच्या मधली. सगळ्यांना विचारू नका, पण ज्याच्याबद्दल शंका येते त्याला नक्की विचारा. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शनात हीच वाट आहे. डॉक्टरला संशय आला तर जीएडी-७चे पहिले दोन प्रश्न विचारायचे, तीन किंवा जास्त गुण आले तर खोलात जायचे.

मागे १९६८ मध्ये विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी कुठल्याही आजाराच्या चाळणीचे निकष लिहिले होते. आजार महत्त्वाचा हवा, चाचणी लोकांना मान्य हवी, उपचार हवा, निदानाची आणि उपचाराची सोय हवी. चिंताविकार पहिल्या तीन निकषांना बऱ्यापैकी उतरतो. चौथ्याला आपण उतरतो का, हा प्रश्न भिलाईत विचारला तर वेगळे उत्तर येते आणि मिनेसोटात विचारला तर वेगळे. शिफारशी मात्र तिथून इथे जशाच्या तशा येतात. माझ्या मते या वादात आपल्याकडे सर्वांत कमी बोलले गेले ते याच गोष्टीबद्दल.

गोवा आणि अमरावती

सुदैवाने आपल्या शेजारीच काम झाले आहे. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या ५९८ जणांवर पाच प्रश्नावल्या एकमेकींच्या शेजारी ठेवून तपासल्या. २००८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पाचही कामाच्या निघाल्या, जीएचक्यू आणि एसआरक्यू किंचित सरस. या अभ्यासात चिंता आणि नैराश्य वेगळे काढले नव्हते, ‘नेहमी आढळणारे मानसिक विकार’ असे एकत्रच धरले होते. ओपीडीत ते बहुधा एकत्रच भेटतात.

पुढचे काम त्याहून मोलाचे. ‘मानस’ या चाचणीत गोव्यातली २४ केंद्रे घेतली, बारा सरकारी आणि बारा खासगी डॉक्टरांची. जीएचक्यू-१२ने निवडलेल्या रुग्णांना अर्ध्या ठिकाणी नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्या ठिकाणी मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या समुपदेशकाची जोड मिळाली. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते, जोड नसलेल्या ठिकाणी ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत फरक पडला नाही. तिथे नेहमीच्या उपचारांनीच तितके लोक बरे होत होते. या निकालातून प्रश्नावलीचे कौतुक काढणे चुकीचे ठरेल. दोन्हीकडे प्रश्नावली तीच होती. फरक पडला तो तिच्या मागे बसलेल्या माणसामुळे, आणि तोही जिथे आधी कुणीच बसलेले नव्हते तिथे.

विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम झाला. त्याचा भर नैराश्यावर होता. गावातलीच माणसे घरोघरी जाऊन बोलली, आणि नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. चिंताविकारासाठी मराठी मुलुखात या तोडीचे काम व्हायचे आहे.

शब्दांची अडचण

जीएडी-७ची हिंदी आणि मराठी भाषांतरे उपलब्ध आहेत. पण भाषांतर होणे आणि प्रश्न पोचणे यांत अंतर असते, आणि ते कुरुदच्या ओसरीवर दिसते.

पहिली गोष्ट ‘काळजी’ या शब्दाची. मराठीत काळजी करतात तसेच काळजी घेतातही. ‘तिला सगळ्यांची फार काळजी’ हे आपल्याकडे प्रशस्तिपत्र आहे. आईला विचारले, ‘तुम्ही जरुरीपेक्षा जास्त काळजी करता का?’ तर त्यातला ‘जरुरीपेक्षा’ हा शब्द तिला टोचतो. जरुरीपेक्षा जास्त म्हणजे किती, आणि मुलांच्या बाबतीत ती मर्यादा ठरवणारे तुम्ही कोण? ती नाही म्हणते, किंवा अभिमानाने हो म्हणते. दोन्ही उत्तरांतून विकार मोजला जात नाही.

दुसरी गोष्ट शरीराची. मराठी माणसाची चिंता शरीरात बोलते. छातीत धस्स होते, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, जीव टांगणीला लागतो, घशाशी हुंदका अडकल्यासारखे होते. आमच्या छत्तीसगढी शेजारणी ‘धुकधुकी’ म्हणतात. जीएडी-७च्या सातांत धडधडीचा प्रश्न नाही, झोपेचाही नाही. काकींच्या तिन्ही तक्रारींतली एकच, मुलाचे काही बरेवाईट होईल ही भीती, त्या सातांत बसली असती. एसआरक्यूच्या वीसांत मात्र झोप आहे, भूक आहे, पोट आहे, हातांची थरथर आहे, आणि उत्तर फक्त हो किंवा नाही. तिला जुनी म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी हा विचार करावा असे मला वाटते.

हॅड्समधल्या एका प्रश्नात पोटात फुलपाखरे उडाल्यासारखी भीती विचारली आहे. त्याचे शब्दशः मराठी केले तर आजची कॉलेजची मुलगी लाजेल आणि तिची आजी गोंधळेल. ‘पोटात गोळा येतो का?’ असे विचारा, दोघींना लगेच कळेल. झिम्बाब्वेत चौदा प्रश्नांची शोना प्रश्नावली लोकांच्याच बोलण्यातून उभी केली; ‘अति विचार करणे’ हा तिथला लोकांचा शब्द तिच्या केंद्राशी होता. तिथे बाकावर बसून समुपदेशन करणाऱ्या आज्यांचे जे काम जगभर गाजले, ते याच प्रश्नावलीवर चालले.

पण शरीराचे प्रश्न वाढवले की दुसरा धोका येतो. धडधड थायरॉइडनेही होते, रक्त कमी असले तरी होते. दिवसाला आठ कप चहा, गुडाखू किंवा तंबाखू सुटल्यावरची तगमग, दारू थांबवल्यावरची थरथर, सगळ्यांचा चेहरा सारखाच. हॅड्सने १९८३ मध्ये शरीर का गाळले ते इथे कळते. आणि बेक यांनी ते का ठेवले तेही.

तिसरी गोष्ट चौदा दिवसांची. ‘काही दिवस’, ‘अर्ध्याहून जास्त दिवस’, ‘जवळजवळ रोज’ अशा पायऱ्या आहेत. आपल्याकडे दिवस असे मोजले जात नाहीत. काकींना मी नंतर हेच विचारून पाहिले. त्या म्हणाल्या, “मागच्या बाजारापासून जरा कमी आहे. त्याच्या आधी पोळ्यापर्यंत रोज होतं.” त्यांचा हिशेब आठवडी बाजाराचा, सणाचा आणि मुलाच्या शिफ्ट बदलाचा. ‘अर्ध्याहून जास्त’ हा अपूर्णांक ऐकून त्या गप्प झाल्या आणि मग सर्वांत सोपे उत्तर दिले: “हां, थोडंफार.” अशा ‘थोड्याफार’ला मितानिन एक गुण देणार की दोन, यावर माणूस सीमेच्या अलीकडे की पलीकडे ते ठरते.

कोण विचारतो, कोण ऐकतो

स्वतः भरायची प्रश्नावली म्हणजे एकट्याने, वाचून भरायची. वस्तीत ती बहुतेक वेळा वाचून दाखवली जाते, म्हणजे तिची मुलाखत होते. सासू शेजारी बसलेली असते, नवरा दारात उभा असतो. मितानिन ओळखीची असते. त्यामुळे विश्वासही मिळतो आणि आडपडदाही पडतो. वाचून भरलेल्या आणि ऐकून सांगितलेल्या उत्तरांसाठी सीमा एकच धरावी का, हा प्रश्न खुला आहे.

भिलाईचा पोलाद कारखाना १९५९ पासून धगधगतो आहे. इथल्या कामगाराला ‘काही भयंकर घडेल अशी भीती वाटते का?’ असे विचारताना आठवावे की २०१४ मध्ये इथे विषारी वायूची गळती झाली आणि २०१८ मध्ये गॅसवाहिनीचा स्फोट. दोन्ही वेळा माणसे गेली. अशा ठिकाणची भीती किती विकार आणि किती शहाणपण, हे सात प्रश्नांना कळत नाही. वरून नोकरीवर बालंट येईल या धाकाने उत्तरे मऊ होतात. कामाच्या जागी भरून घेतलेल्या अर्जाचा आकडा साहेबांच्या हाती पडणार नसेल तरच तो खरा असण्याची आशा.

बाळंतिणींसाठी १९८७ ची एडिनबरो प्रश्नावली आहे, तिच्यातले तीन प्रश्न चिंतेचेच आहेत. वृद्धांसाठी वेगळी मापनी २००७ मध्ये आली, कारण म्हातारपणी खरे आजार, खरी निरोपाची भीती आणि विकार एकमेकांत गुंततात. पॅनिक, लोकांत जाण्याची भीती, घराबाहेर पडण्याची भीती हे विकार जीएडी-७मध्ये काही प्रमाणात सापडतात, पण ती मुळात त्यांच्यासाठी बनलेली नाही.

आकडा आल्यानंतर

समजा उद्या त्या अर्जात चिंतेचे दोन प्रश्न आले. कुरुदमधून किती माणसे सीमेपलीकडे निघतील याचा अंदाज वरच्या गणितातून कुणालाही बांधता येईल, आणि त्यांतल्या बहुतेकांना फक्त एका शांत, जाणत्या माणसाशी अर्धा तास बोलायची गरज असेल. तो अर्धा तास कुणाकडे आहे?

सोयी शून्य नाहीत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही फोनसेवा चालू आहे, १४४१६ वर. निम्हान्सने छत्तीसगढच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना दुरून प्रशिक्षण दिले आहे, आणि ओपीडीतल्या डॉक्टरसाठी थोडक्यात विचारून नेहमीचे विकार ओळखण्याचा आराखडाही केला आहे. त्यात कागद रुग्णाच्या हाती जात नाही, डॉक्टरच विचारतो. पुष्कळांना हीच आपल्यासाठी योग्य वाट वाटते. तिच्या विरोधातला युक्तिवादही साधा आहे: सकाळी शंभर रुग्ण पाहणारा डॉक्टर विचारेल कधी? मग दोन प्रश्न मितानिनने विचारायचे, हो आले तर आरोग्य केंद्रात सविस्तर बोलायचे, तिथे थायरॉइड आणि हिमोग्लोबिन पाहायचे आणि मगच पुढे धाडायचे, अशी पायऱ्यांची रचना सुचवली जाते. गोव्याच्या अनुभवाशी ती जुळते. तिला लागणारा मधला माणूस, शिकवलेला समुपदेशक, हाच बहुतेक ठिकाणी नसतो.

जे अजून ठरायचे आहे

सीमा कुठे धरायची हे पहिले. आठ की दहा हा वाद परदेशी रांगांवर लढला गेला. छत्तीसगढीत विचारून, नंतर नीट मुलाखत घेऊन, इथल्या रांगेवर तो आकडा तपासावा लागेल. चिंता आणि नैराश्य वेगळे विचारायचे की गोव्यासारखे एकत्र, हेही त्याच अभ्यासात पाहता येईल; दोन-दोन प्रश्न मिळून केलेली पीएचक्यू-४ त्यासाठी २००९ पासून हाताशी आहे.

किती वेळा विचारायचे, यावर २०२३ च्या शिफारशीतही ठाम उत्तर नाही. दुसऱ्यांदा विचारले की बहुतेकांचा आकडा आपोआप उतरतो, उपचार झाला असो वा नसो, कारण माणूस पहिल्यांदा सापडतो तोच त्याच्या वाईट दिवसांत. महिन्याने पुन्हा विचारून मगच पाठवावे, असे काही जण म्हणतात. त्या महिन्यात ज्याला खरोखर मदत हवी होती त्याचे काय, असे इतर विचारतात. दोघांकडेही पुरेसा पुरावा नाही.

पासष्टीपुढच्यांचा प्रश्न तर जसाच्या तसा उभा आहे. भिलाईत कारखान्यातून निवृत्त झालेल्या, मुले पुण्या-बंगळुरूला गेलेल्या मराठी आजी-आजोबांची घरे सेक्टरांपासून कुरुदपर्यंत पसरली आहेत. त्यांना सरसकट विचारावे असे म्हणायला आज पुरावा नाही, आणि विचारू नये असे म्हणायलाही नाही.

त्या दुपारी मितानिनने निघताना पेन पुन्हा उघडले आणि अर्जाच्या समासात लिहिले: धुकधुकी, तीन बजे नींद टूटथे. मग मला विचारले, “दीदी, हे मी कुणाला दाखवू?” मी तिला आरोग्य केंद्राच्या मॅडमचे नाव सांगितले आणि काकींच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, बाजाराच्या वाराशेजारी, १४४१६ लिहून दिले.